येतानाचा आवाज

सेतुरावांच्या गाडीत बसायचं म्हणजे आधी अंगावरचं सोनं उतरवायचं. बांगड्या, घड्याळ, कानात लोंबतं काही असेल तर तेही. मंगळसूत्र काढायला मी साफ नकार दिला तेव्हा ते जरा विचारात पडले आणि म्हणाले, "काढूं नका. ओढणीच्या आंत घ्या आणि वरून हात दाबून धरा. दुसरा हात मला लागेल."

दुसरा हात त्यांना डॅशबोर्डवर हवा होता. मी तळवा पसरून सांगतील तिथे दाबायचं, ते एन्नोरच्या कंटेनरवाल्या रस्त्यावरून मुद्दाम खड्ड्यांतून गाडी घालणार, आणि दाबल्यावर गाडीच्या आतली खडखड थांबली की "तिथे!" म्हणून गाडी कडेला घेणार. चेन्नईतल्या नोकरीचा तो माझा पहिला आठवडा. मी मूळची सांगलीची, चाळिशी उलटलेली, नवरा पुण्यात आणि मुलगी कॉलेजात. एका अनोळखी गृहस्थांच्या शेजारी बसून, एका हाताने छाती आणि दुसऱ्या हाताने डॅशबोर्ड धरून मी समुद्राच्या दिशेने का चालले आहे, हे मला स्वतःलाच नीट सांगता आलं नसतं.

आमचा गाड्यांचा कारखाना शहराच्या उत्तरेला होता. ग्राहकांच्या तक्रारी वाचून त्या योग्य माणसाकडे पाठवायच्या, हे माझं काम. खडखड, करकर, टकटक असलं काही आलं की ते सेतुरावांकडे जायचं. निवृत्त झाले होते, पण कंपनीने सल्लागार म्हणून परत बोलावलं होतं. सगळे त्यांना राव सार म्हणत. उंच, काटकुळे, रबरी तळाचे बूट. खिशात नाणं नाही, किल्ल्या रुमालात गुंडाळलेल्या. कॉफीचा स्टीलचा पेला ते वाटीत असा ठेवत की टण्ण होऊ नये, आणि दुसऱ्या कोणाचा झाला की त्याच्याकडे बघत. बोलत नसत, नुसते बघत. त्यानेच माणूस वरमायचा.

ते बसत नसत. बैठक सुरू होताना खिडकीशी उभे असत, मधे कधीतरी दाराशी दिसत आणि शेवटी त्यांची उत्तरं बाहेरच्या व्हरांड्यातून येत. कोणी "सार, बसा की" म्हटलं तर म्हणत, "बसून काय ऐकूं येतं? बसलेल्या माणसाला खुर्ची ऐकूं येते." त्यांच्या हाताची बोटं सतत कशावर तरी वाजत असत. टेबलावर, भिंतीवर, लिफ्टच्या पत्र्यावर. एकदा बोलता बोलता माझ्या जेवणाच्या डब्यावर वाजवून म्हणाले, "झाकण बदला. कड वाकली." मी बदललं नाही. पुढच्याच आठवड्यात आमटी पर्समध्ये सांडली.

ते तंजावरचे मराठी. पिढ्यान् पिढ्या तिकडेच. त्यांची भाषा पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी हसू दाबलं होतं. जुन्या पोथीतला माणूस तमिळ हेल काढून बोलावा तशी ती वाटायची. 'सगळं' याला ते 'अस्कं' म्हणत आणि 'सांगितलं' याला 'सांगटलं'. माझं हसू त्यांना दिसलंच. "तुमची मराठी फार घाईची, सुलभाबाई," म्हणाले. "आम्ही तीनशे वर्षं जपून ठेवली. तुम्ही वापरून वापरून झिजवली."

आवाजांना त्यांनी स्वयंपाकघरातली नावं दिली होती. ग्राहकाचा फोन आला की पहिला प्रश्न तमिळमध्ये, "कडुगा, कडलैया?" म्हणजे मोहरी की शेंगदाणे? मोहरी म्हणजे बारीक तडतड. बहुधा वायरींची जुडी प्लॅस्टिकला घासते आहे. शेंगदाणे म्हणजे डब्यात दाणे हलल्यासारखं, म्हणजे काहीतरी पडलंय किंवा स्क्रू सुटलाय. ग्राहक आधी गोंधळायचे, मग गंभीरपणे सांगायचे, "सार, मोहरीच. पण तेल नीट तापलेलं नाही." आणि राव सार मान डोलवायचे, जणू यापेक्षा नेमकं कोणी सांगूच शकत नाही.

आवाज दाबायचा नाही, हा त्यांचा हट्ट. सर्व्हिस सेंटरवाले खुशाल जिथे फट दिसेल तिथे स्पंज कोंबत. राव सार तो चिमट्याने एकेक ओढून बाहेर काढायचे आणि टेबलावर मांडून ठेवायचे. "हे बघा," म्हणायचे, "तोंडांत बोळा घातला म्हणजे माणूस बरा झाला का?"

त्यांच्या कामाची सगळी रीत एका गोष्टीत सांगता येईल. अड्यारच्या एका बँक अधिकाऱ्याची तक्रार आली होती की सासूबाई मागे बसल्या की गाडी वाजते. त्या बसल्या नाहीत तर वाजत नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये यावर जेवढे विनोद व्हायचे तेवढे झाले. त्यांनी सासूबाईंच्या वजनाची वाळूची पोती मागे ठेवून गाडी फिरवली. काही नाही. तक्रार बंद केली. राव सारांच्या हाती ती आली तेव्हा ते मला घेऊन थेट त्या घरी गेले. सासूबाईंना म्हणाले, "अम्मा, तुम्ही नेहमी जशा बसता तशाच बसा. देवळांत जाताना जे घेता ते घ्या." बाई खूश. पिशवी, काठी, शाल सगळं घेऊन बसल्या. गाडी पहिल्या वळणावर आली आणि मागून टक टक सुरू झालं. म्हातारी घाबरून दाराच्या वरचा दांडा दोन्ही हातांनी ओढून धरत होती. त्याच्या मागची एक क्लिप तुटली होती. वाळूचं पोतं दांडा धरत नाही.

परतताना मला म्हणाले, "तक्रार जशी आहे तशी उभी करायची. माणसासकट. अर्धी माणसं फक्त गाडी उभी करतात."

त्या म्हाताऱ्या बाईने जावयाला काय सुनावलं ते मला तमिळ येत नसूनही कळलं होतं.

अशा माणसाशी संसार कसा होत असेल, हा प्रश्न मला होता. तो इंदिराबाईंना पाहिल्यावर सुटला. त्या ठेंगण्या, गोऱ्या, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या, आणि जीभ धारदार. पहिल्यांदा जेवायला बोलावलं तेव्हा ताटात डांगर पच्चडी होती. उडदाचं पीठ दह्यात कालवलेलं. मी म्हटलं, हे तर आमचं डांगर. त्या म्हणाल्या, "तुमचं कसं? आमचं. तुम्ही पापड करून वाळवून टाकलंत." राव सार तेव्हा स्वयंपाकघरात फ्रिजच्या मागे हात घालून उभे होते.

"लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यांत ह्यांनी पलंग उघडला," इंदिराबाई मला सांगू लागल्या. "अस्कं लाकूड जमिनीवर. सासूबाई येऊन विचारतात, काय झालं? हे सांगतात, वाजत होता. मी तोंड कोठे लपवूं?"

फ्रिजच्या मागून आवाज आला, "वाजत होता की."

कचेरीची, म्हणजे तिकडच्या गाण्याच्या मैफलीची, गोष्टही त्यांनीच सांगितली. मार्गळीच्या महिन्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, शहरभर गाण्याच्या मैफली असतात. दुपारच्या एका मैफलीला दोघं गेली होती. मृदंग सुरू झाला की बारीक झणझण ऐकू यायची. राव सार उठले. खांबाला हात लावून पाहिला, भिंतीला कान लावला. इंदिराबाईंनी त्यांची लुंगीसारखी नेसलेली वेष्टी धरून ओढलं तर ती सुटेल एवढीच भीती, म्हणून सोडून दिलं. राव सार हळूहळू पुढे सरकत मंचापाशी पोचले. मंचावरच्या पितळी समईची वरची थाळी सैल होती. दोन गाण्यांच्या मधे ते सरळ मंचावर चढले, समईला नमस्कार केला, थाळीखाली विड्याचं पान दुमडून घातलं आणि खाली उतरले. लोकांना वाटलं हा सत्काराचा भाग आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"आणि मग बसून ऐकलं का?" मी विचारलं.

"कोठे? पान वाळलं तर, म्हणून शेवटपर्यंत मंचाच्या खाली उभे."

हे सगळं इंदिराबाईंचं मूत्रपिंडाचं दुखणं वाढायच्या आधीचं. पुढे डायलिसिस लागलं. मंगळवार, गुरुवार, शनिवार. घर एन्नोरच्या बाजूला आणि डायलिसिसची जागा पार शहराच्या दुसऱ्या टोकाला, अड्यारला. जवळ सोय होती, पण अड्यारच्या एका नर्सशिवाय दुसऱ्या कोणाला त्या हातात सुई घालू देत नसत. एका ठिकाणी कोणीतरी दोनदा चुकवली होती आणि हात कोपरापर्यंत काळानिळा पडला होता. त्यानंतर विषय संपला. राव सारांनी कंपनीत सांगून ते तीन दिवस मोकळे करून घेतले. सकाळी नेणं, चार तास बाहेर येरझाऱ्या घालणं, दुपारी आणणं.

त्यांची गाडी आमच्याच कारखान्यातली, पण जुनी. तिचं मॉडेल बनणं कधीच बंद झालं होतं. ती त्यांनी इतकी निगुतीने ठेवली होती की आत बसल्यावर रस्त्याशिवाय काही ऐकू येत नसे. टॅक्सीत इंदिराबाईंना वासाने उलटी व्हायची, म्हणून हीच गाडी. आणि त्या दिवाळीच्या सुमाराला ती वाजू लागली.

मला हे कळलं ते राव सार माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले आणि बोटं वाजवणं बंद होतं तेव्हा. म्हणाले, "मोहरी आणि शेंगदाणे दोन्ही नाही. दांत वाजल्यासारखा आहे. डॅशबोर्डांत, डाव्या बाजूला."

"मग शोधा की."

"तिने मुदत दिली आहे."

ते काय म्हणतायत ते मला तेव्हा नीट कळलं नाही. मी त्या रविवारी घरी गेले तेव्हा इंदिराबाईंनीच सांगितलं. भाजी निवडत होत्या. डाव्या हातावर, जिथे सुया घालतात तिथे, शीर दोरीसारखी वर आली होती. "येताना सुलभाबाई, माझ्यांत काही उरलेलं नसतं. पिळून काढलेल्या फडक्यासारखी असतें. थंडी वाजते, डोकं ठणकतं, डोळा लागेल असं वाटतं आणि तो आवाज सुरू होतो. तास दीड तास. घरी आल्यावरही कानांत चालूच. मग दुसरा दिवस उलटायच्या आंत परत जायचं." मग म्हणाल्या, "मी ह्यांना सांगटलं. पोंगलपर्यंत बघेन. नाही तर पुरे. अस्कं पुरे."

"डायलिसिस पुरे?"

"गाडी, सुई, अस्कं."

"न जाऊन काय होतं ते माहीत आहे ना तुम्हाला?"

"डॉक्टरनी चित्र काढून दाखवलं आहे." त्यांनी एक शेंग मोडली. "मला मरायची हौस नाही. पण असं जाण्याची पण नाही."

मी गोलगोल बोलणारी बाई नाही. बाहेर येऊन राव सारांना स्पष्ट म्हटलं, की ही बाई आवाजाला नव्हे, सगळ्यालाच कंटाळली आहे, तुम्ही डॉक्टरांशी बोला, मुलीला बोलावून घ्या. मुलगी त्यांची बंगळूरला. राव सार गाडीच्या बॉनेटशी उभे होते. म्हणाले, "किडनी डॉक्टरची. डॅशबोर्ड माझा." आणि आत डोकं घातलं.

तिथून पुढचे आठवडे मी त्या माणसाला एका जागी उभं राहिलेलं पाहिलं नाही. आधी ते अस्वस्थ असत ते धंद्याचा भाग म्हणून. आता त्यांना जागाच पुरत नव्हती. रविवारी सकाळी माझ्या दाराशी हॉर्न. मी बांगड्या टेबलावर काढून खाली. तेच खड्डे, तोच कंटेनरचा रस्ता, ट्रकमागून उडणारी राख, काचा बंद, एसी सुरू, आणि माझा तळवा डॅशबोर्डवर. "वर. डावीकडे. दाबा. सोडा. दाबा." आवाज कधी यायचा, कधी नाही. जो यायचा तो शोधून ते दुरुस्त करायचे. समोरच्या कप्प्याची कडी. स्पीकरची जाळी. वायरींच्या जुडीची क्लिप. दर वेळी मला वाटायचं, सुटलो. मंगळवारी दुपारी त्यांचा फोन यायचा, "आहे. तसाच."

"तुम्ही स्वतः ऐकता ना येताना?"

"ऐकतो की. पण चालवूं का शोधूं? तिला दाब म्हणूं का?"

ते खरंच होतं. हातात ताकद नसलेल्या बाईला पॅनल दाबत बस म्हणायचं तरी कसं.

मग ते तर्क लढवू लागले. जाताना वाजत नाही, येताना वाजते, म्हणजे उन्हात उभी राहून प्लॅस्टिक तापतं आणि फुगतं. म्हणून अड्यारला गाडी सावलीत. सावली सरकली की गाडी सरकवायची. तरीही वाजली. मग डॅशबोर्डवर ओले टॉवेल पसरून ठेवायचे. तिथला राखणदार विचारायचा, "सार, गाडीला ताप आलाय का?" तरीही वाजली. मग येतानाच्या बाजूचा रस्ता जास्त खराब, असं ठरलं. तर एका रविवारी आम्ही दोघं त्याच बाजूने, त्याच वेळी, तापलेल्या गाडीतून आलो. कसलाच आवाज नाही. डॅशबोर्ड चिडीचूप. त्या दिवशी राव सारांनी स्टिअरिंगवर हात आपटला. त्यांनी रागाने केलेला तो पहिला आवाज मी ऐकला.

दोनदा त्यांनी सगळा डॅशबोर्ड उतरवला. त्यांच्या हॉलमध्ये चादरीवर तो पडलेला असायचा, वायरी बाहेर आलेल्या, आणि इंदिराबाई सोफ्यावर शाल घेऊन त्याच्याकडे बघत असायच्या. "हे पोटच्या पोराचं एवढं करत नाहीत," असं मला म्हणाल्या. त्यात टोमणा किती आणि काय, मला सांगता येणार नाही.

मार्गळी संपत आली, संक्रांतीला येणारा पोंगल जवळ आला. दारोदार रांगोळ्या मोठ्या होऊ लागल्या, बाजारात उसाच्या मोळ्या आणि हळदीची रोपं आली. पोंगलच्या मुदतीबद्दल दोघांपैकी कोणी बोलत नव्हतं, पण मंगळवारच्या मंगळवारी राव सारांचा चेहरा लहान होत चालला होता. एकदा कॅन्टीनमध्ये जेवण घेऊन ते उभ्यानेच खात होते आणि मधेच म्हणाले, "ती बोलते ते करते, सुलभाबाई. तंबाखू सोडायला सांगटलं होतं मला. सोडला नाही तर बोलणार नाही म्हणाली. सात महिने बोलली नाही."

"मग?"

"मग सोडला."

तेव्हा मी एक अगदी साधी गोष्ट विचारली. मला त्यात काही खास वाटलं नव्हतं. कामावर मी रोज तेच विचारत होते. "सार, तक्रारदाराला विचारलंत का?"

"कोण तक्रारदार?"

"इंदिराबाई."

ते घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. ग्राहकाच्या सासूला पिशवी-काठीसकट गाडीत बसवणारा हा माणूस. घरी त्याने मला बसवलं, राखणदाराला बसवलं, एकदा शेजाऱ्याच्या मेव्हण्याला बसवलं. जिची तक्रार तिला सोडून सगळ्यांना. ती आजारी, तिला त्रास नको, म्हणून. इतकं सरळ कारण होतं की त्याखाली बाकी सगळं झाकलं गेलं.

रविवारी तिघं निघालो. इंदिराबाई पुढे, मी मागे. त्यांनी कुरकुर केली नाही, उलट पावडर लावून आल्या होत्या. राव सारांनी ग्राहकांना सांगतात तसं त्यांना सांगितलं, "अम्मा, तुम्ही नेहमी जशा बसता तशाच बसा." तोंडातून सवयीने निघून गेलं असावं.

"अम्मा कोण? बायको आहें मी."

"बसा की."

त्या बसल्या. शाल लपेटली, डोकं मागे टेकलं, आणि समोरची थंड हवेची जाळी अंगठ्याने फिरवून बंद करून टाकली. हे त्यांनी इतक्या सहज केलं की मी पाहिलं नसतं तर मला आठवलंही नसतं. पुढे बसले की तीच जाळी मी नेहमी सताड उघडी ठेवायचे. चेन्नईत ती बंद कोण करतं.

कंटेनरचा रस्ता आला. खड्डे आले. आवाज नाही. राव सार एकदा माझ्याकडे आरशात बघायचे, एकदा रस्त्याकडे. परत वळवून त्याच खड्ड्यांतून. आवाज नाही. एसीची हवा थंडगार येत होती.

"नाही वाजत," राव सार म्हणाले. "इंदिरा, नाही वाजत. बघ."

"तुम्ही येताना करता तसं करा की."

"तसंच तर करतोय."

"कोठे? घरी आणताना हे थंड बंद करता." त्यांनी एसीकडे बोट दाखवलं. "मी कुडकुडतें म्हणून. तुम्ही घामाने निथळता, सदरा पाठीला चिकटतो. काचा लावलेल्या. मी बघतें की."

राव सारांनी हात पुढे करून एसीचा पंखा बंद केला. पुढच्या खड्ड्यात गाडी गेली आणि इंदिराबाईंच्या समोरून दात वाजावेत तसा आवाज सुरू झाला.

राव सारांनी पंखा लावला. थांबला. बंद केला. सुरू. मग स्वतः वाकून तिच्या समोरची जाळी उघडली. थांबला. बंद केली. सुरू.

त्यांनी गाडी कडेला घेतली. दोन्ही बाजूंनी ट्रक धडधडत जात होते. मग एकेक करून सांगितलं, आम्हाला नव्हे, स्वतःलाच. जाळीच्या आत एक लहानशी झडप असते. तिच्या टोकाच्या खुंट्या झिजल्या की ती सैल होते. पंखा चालू असला की वारा तिला दाबून धरतो. जाळी उघडी असली तरी ती टेकलेली राहते. दोन्ही बंद केलं तरच ती मोकळी. आणि या शहरात दोन्ही बंद करून गाडी चालवणारा एकच माणूस, आठवड्यातून तीनदा, फक्त येताना. इतके आठवडे तो स्वतःच्या हाताने एसी बंद करत होता, पण ते त्याच्या लेखी बायकोची काळजी होती. गाडीच्या दुखण्याशी त्याचा संबंध असेल हे त्याच्या मनातच आलं नव्हतं.

"मी सांगत होतें, येताना वाजतं," इंदिराबाई म्हणाल्या.

"हो."

"तुम्ही टॉवेल घातलेत."

"हो."

डॅशबोर्ड दोनदा उतरवलेल्या माणसाला ती जाळी काढायला एक स्क्रूही लागला नाही. दोन चपट्या पट्ट्या फटीत घालून त्याने ती अख्खी हातात काढून घेतली, तिथेच, रस्त्याच्या कडेला. खुंट्यांना फेल्टच्या, जाड लोकरी कापडाच्या, बारीक पट्ट्या गुंडाळल्या, झडप हलवून कानाशी धरली आणि परत बसवली. ते उतरले, गाडीच्या मागे गेले, आणि बराच वेळ तिकडेच उभे होते. इंदिराबाई आरशात बघत होत्या. मला म्हणाल्या, "उतरूं नका. उभे राहूं दे. त्यांना उभं राहिल्यावरच बरं वाटतं."

मंगळवारी मी कामावर होते पण माझं लक्ष फोनकडे. आवाज गेला होता. त्यामुळे आता त्या जाणार नाही म्हणाल्या तर गाडीचं नाव पुढे करता येणार नव्हतं, आणि राव सारांना हे माझ्याआधी कळलं असणार. रविवारच्या त्या उभं राहण्याचा अर्थ मला असाच लागला. दुपारी फोन आला नाही. संध्याकाळी मीच केला.

"गेलो होतो की," म्हणाले. "परत आलो."

"आणि?"

"काय आणि? तिने रेडिओ लावायला सांगटला."

पोंगल गेला. प्रथेप्रमाणे मातीच्या मडक्यात दूध उतू गेलं, तांदळाचा गोड भात झाला, मलाही डबा आला. मुदतीचं कोणी नाव काढलं नाही. गुरुवारी ती दोघं नेहमीसारखी अड्यारला. मी इथे असं लिहिणार नाही की त्यांचं दुखणं हलकं झालं. मूत्रपिंडं सुधारत नाहीत. सुया त्याच, अशक्तपणा तोच, आणि वाईट दिवशी त्या पूर्वीसारख्याच "अस्कं पुरे" म्हणत. पण म्हणायच्या आणि चप्पल घालायच्या. पुढे जेवढे दिवस शरीराने साथ दिली तेवढे दिवस त्या जात राहिल्या.

मी त्याच उन्हाळ्यात चेन्नई सोडली. पुण्यात काम मिळालं होतं. निघायच्या आठवड्यात काही कागदांसाठी शहराच्या दक्षिणेला शोळिंगनल्लूरला जाऊन टॅक्सीने परत येत होते. दुपारची वेळ, रस्ता वितळल्यासारखा. अड्यारच्या पुढच्या सिग्नलला माझ्या शेजारी राव सारांची गाडी येऊन थांबली. काचा बंद. त्यांनी मला पाहिलं नाही. घामाने त्यांचा सदरा पार भिजला होता, भुवईवरून थेंब गळत होते, आणि ते पुसत नव्हते. दोन्ही हात स्टिअरिंगवर, बोटं स्थिर. शेजारी इंदिराबाई शाल हनुवटीपर्यंत घेऊन झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं, मान त्यांच्या बाजूला कललेली.

सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न सुरू झाले. रिक्षावाला ओरडला. राव सारांनी मान वळवून एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मग गाडी अशी हळू हलवली की आधी मला वाटलं, माझीच टॅक्सी मागे सरकते आहे.